ब्लूजमधला निषेध नेमका ऐकायचा कुठे?

कोमल_गंधार

ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासाचा आणि विद्रोहाचा आवाज, हे वाक्य ब्लूजवरच्या प्रत्येक लेखात असतं. पण १९२० ते १९४० या काळातल्या तबकड्या ओळीने ऐकायला घेतल्या की पळून गेलेली बाई, दारू, आगगाडी, पुन्हा बाई, असंच चालू राहतं. लिंचिंगवर (जमावाने काळ्यांना ठार मारण्यावर), मतदानाच्या हक्कावर, जमीनदाराच्या खोट्या हिशेबावर थेट बोलणारं गाणं शोधून काढावं लागतं. ब्लूजचे अभ्यासक सॅम्युएल चार्टर्स यांनी १९६३ मध्येच म्हणून ठेवलंय की ब्लूजमध्ये सामाजिक निषेध फारसा नाही. त्याच वर्षी लेखक लिरॉय जोन्स (पुढचे अमिरी बराका) यांनी मात्र गुलामापासून नागरिकापर्यंतचा अख्खा प्रवास याच संगीतातून वाचून दाखवला.

प्रश्न दोन. निषेध खरंच कमी आहे, की तो ओळखायचा कसा हे आपल्याला माहीत नाही? आणि मराठी श्रोत्यांसाठी दोन तासांचं श्रवणसत्र ठेवायचं असेल, तर कोणत्या तबकड्या घ्याव्यात आणि कोणत्या क्रमाने?

डेल्टा_पॅसेंजर

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गाण्यात नाही, कंपनीत आहे. मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' १० ऑगस्ट १९२० ला ओके या तबकडी-कंपनीने मुद्रित केलं. ते तुफान खपलं आणि 'रेस रेकॉर्ड्स' नावाचा बाजार उभा राहिला. माल काळ्या गिऱ्हाइकासाठी, पण मालक गोरा, आणि दक्षिणेत दुकानदारही बहुतेक गोराच. पॅरामाउंट या तबकडी-कंपनीची मूळ कंपनी विस्कॉन्सिनमध्ये खुर्च्या बनवायची. ग्रामोफोनची लाकडी कपाटं विकता विकता ती तबकड्यांत शिरली. शेरीफचं नाव घेणारं गाणं हे लोक कशाला छापतील? आणि छापलं असतं तरी गायकाला परत त्याच काउंटीत जाऊन राहायचं होतं.

गाळणी कशी चालायची याचे पुरावे आहेत. टेक्सासमधल्या टॉम मूर या मळेवाल्यावरचं लाइटनिन हॉपकिन्सचं गाणं १९४० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं ते 'टिम मूर्स फार्म' या नावाने. एक अक्षर बदललं की खटला टळतो आणि ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतंच. जे. बी. लेन्वारचं 'आयझेनहावर ब्लूज' १९५४ मध्ये शिकागोच्या पॅरट कंपनीने काढलं, मग मागे घेतलं. तेच गाणं राष्ट्राध्यक्षांचं नाव वगळून 'टॅक्स पेइंग ब्लूज' म्हणून पुन्हा काढलं. दोन्ही शेजारी शेजारी लावा, कात्री कुठे लागली ते कानाला कळतं.

फडताळ

म्हणजे कपाट घेतलं की तबकडी फुकट?

डेल्टा_पॅसेंजर

फुकट कसली! पंचाहत्तर सेंट. खंडाने कसणाऱ्या कुटुंबाला ते फार होते, तरीही घेत होते. गायकाला मात्र बहुधा गाण्यामागे एकरकमी पैसे मिळायचे, पुढच्या विक्रीतला वाटा नाही.

पाणलोट

कोमल_गंधार, १९२७ चा मिसिसिपीचा पूर घ्या. या विषयाचं सगळं व्याकरण त्यात सापडतं.

२१ एप्रिल १९२७ ला ग्रीनव्हिलच्या वर माउंड्स लँडिंगला बांध फुटला. शहरातले गोरे बोटीतून हलवले गेले. हजारो काळी कुटुंबं बांधाच्या माथ्यावरच ठेवली गेली, कारण मळेवाल्यांना भीती होती की हे मजूर एकदा गेले की परत येणार नाहीत. नॅशनल गार्डचा पहारा होता. रेडक्रॉसचा शिधा हवा तर गळ्यात बिल्ला घालायचा आणि बांधावर, गोदीवर कामाला जायचं. मदतीच्या नावाखाली ही वेठबिगारीच होती.

आता चार्ली पॅटनचं १९२९ चं 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' ऐका. तो भाषण करत नाही, गावांची नावं घेत जातो: लेलँड, ग्रीनव्हिल, रोझडेल, व्हिक्सबर्ग. आणि मध्येच एका ओळीत सांगून जातो की टेकड्यांच्या मुलखात गेलो असतो, पण मला तिकडे मज्जाव आहे. झालं. पहारा, बिल्ला, वर्णभेद, सगळं त्या एका शब्दात आलं. ज्याला ग्रीनव्हिलचा बांध माहीत आहे त्याला ते आरोपपत्र वाटतं, बाकीच्यांना पुराचं गाणं.

गाणं दोन भागांत का, हेही सत्रात सांगा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात. पूर तीन मिनिटांत आटपेना म्हणून तबकडी उलटायची.

सूरपारंबी

पुरावरचं सगळ्यात गाजलेलं गाणं बेसी स्मिथचं 'बॅकवॉटर ब्लूज' कसं विसरलात? त्याच पुरावर आहे ते.

पाणलोट

विसरलो नाही, मुद्दाम वेगळं ठेवलं. ते १७ फेब्रुवारी १९२७ ला मुद्रित झालं, म्हणजे माउंड्स लँडिंग फुटण्याच्या दोन महिने आधी. त्याचा संबंध जोडला जातो तो १९२६ च्या नाताळात नॅशव्हिलला कंबरलँड नदीला आलेल्या पुराशी. मिसिसिपीला पूर आल्यावर लोकांनी ते आपलं म्हणून उचललं. माझ्या मते यात गाण्याचं मोल वाढतंच. घर बुडालेल्या गरीब बाईचं गाणं ती इतकं नेमकं गाते की पुढच्या पुरालाही ते लागू पडतं. जेम्स पी. जॉन्सनचा पियानोवरचा डावा हात ऐका, पाणी चढताना तिथे ऐकू येतं.

मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो यांचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' १९२९ चं. त्यात गातो तो जो मॅकॉय, मिनी गिटारवर आहे. लेड झेपेलिनमुळे हे गाणं कळलेल्यांनी मूळ ऐकावंच.

बंडू_बारा_बार

बेसी स्मिथ म्हटलं की एकच गोष्ट पुरेशी आहे. अपघातात जखमी झाली, गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवली आणि ती रक्तस्रावाने गेली. यापुढे आणखी कुठला पुरावा हवा?

संदर्भसूची

ही कथा सत्रात सांगू नका, खोटी आहे. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे क्लार्क्सडेलजवळ अपघात झाला. योगायोगाने एक गोरा डॉक्टर तिथे पोहोचला, त्याने रस्त्यावरच उपचार सुरू केले. तिला नेलं ते थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या इस्पितळात. त्या काळी तिथला कुठलाही रुग्णवाहिकावाला काळ्या रुग्णाला गोऱ्यांच्या इस्पितळात नेण्याचा विचारच करत नसे. परत पाठवल्याची अफवा तबकड्यांचे निर्माते जॉन हॅमंड यांच्या 'डाउनबीट' या जॅझ मासिकातल्या लेखामुळे पसरली, पुढे तिच्यावर नाटकही आलं. अफवेत एक दुष्ट दरवान आहे. वस्तुस्थितीत दरवान लागतच नव्हता, दार मुळातच वेगळं होतं. मला वस्तुस्थिती जास्त भयंकर वाटते.

इस्पितळाची ती इमारत पुढे रिव्हरसाइड हॉटेल झाली. आणि बेसीच्या थडग्यावर दगड बसायला १९७० उजाडलं. खर्च जॅनिस जॉप्लिन आणि ह्वानिता ग्रीन यांनी केला.

मृगनक्षत्र

मूळ मुद्द्याकडे. 'पळून गेलेल्या माणसाचं गाणं' म्हणून जे बाजूला टाकताय, त्यातलंच एक उदाहरण: 'जो टर्नर'. ऐकायला वाटतं, कुणा बाईचा नवरा निघून गेलाय. गाण्यातला जो टर्नर म्हणजे खरा जो टर्नी, टेनेसीचा गव्हर्नर पीटर टर्नी (१८९३ ते १८९७) याचा भाऊ. मेम्फिसहून कैद्यांना साखळीत बांधून नॅशव्हिलच्या तुरुंगाकडे न्यायचं काम त्याचं. माणूस संध्याकाळी घरी आला नाही की बायकोला सांगायचे, जो टर्नर येऊन गेला. गाण्यात तुरुंग हा शब्द नाही, साखळी जेमतेम आहे. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' हा अपवाद ठेवला. मग दक्षिणेतल्या राज्यांनी भटकेपणा हाच गुन्हा ठरवला. बेकार दिसलास की उचलला. ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तर नवरा 'गेला' या क्रियापदाचा अर्थच बदलतो.

आगगाडीचंही तेच. खंडाच्या शेतीत मार्चपासून दरमहा उचल मिळायची, तीही मळ्याच्या दुकानातून, दुकानदार सांगेल त्या भावाने. डिसेंबरात हिशेब. हिशेब मालकाच्या वहीत, आणि वहीवर शंका घेणं जिवावरचं. कर्ज पुढच्या वर्षावर जायचं. अशा माणसाने रात्री इलिनॉय सेंट्रलची गाडी पकडून शिकागो गाठणं हा त्याचा संप होता. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख माणसं दक्षिण सोडून गेली. 'शिकागो डिफेंडर' हे काळ्यांचं वृत्तपत्र रेल्वेतले पोर्टर गुपचूप दक्षिणेत पोहोचवायचे. त्यामुळे गाडीच्या शिट्टीवरचं गाणं हे निव्वळ विरहगीत धरू नका.

वांगमयी

मृगनक्षत्र यांचं पटतं, पण इथून पुढे एक निसरडी वाट सुरू होते. 'छळणारी बाई म्हणजे मालक', 'दारू म्हणजे स्वातंत्र्य' अशी किल्ली लावत सुटलं की प्रत्येक गाणं राजकीय होतं आणि बायका गाण्यातून हद्दपार होतात. पुष्कळ गाण्यांत बाई म्हणजे बाईच आहे.

आणि इथे आत्तापर्यंत सगळी गिटारवाल्या बाप्यांची यादी चालली आहे म्हणून: १९२० च्या दशकात बाजार बायकांचा होता. मा रेनीचं 'चेन गँग ब्लूज' १९२५ चं, 'प्रूव्ह इट ऑन मी' १९२८ चं, आणि त्यात ती बायकांवरच्या आपल्या प्रेमाबद्दल बिनदिक्कत गाते. बेसी स्मिथच्या १९२८ च्या 'वॉशवूमन्स ब्लूज'मध्ये दुसऱ्यांचे कपडे धुणारी बाई आहे. 'पूअर मॅन्स ब्लूज'मध्ये ती श्रीमंताला थेट हाक मारून सांगते की युद्ध गरिबाने लढलं. याला निषेध म्हणायचं नाही तर कशाला? मारणारा नवरा, धुणीभांडी, कुणावर प्रेम करायचं हे स्वतः ठरवणं, हे सगळं 'खासगी' म्हणून वगळल्यावर निषेध कमीच भरणार. स्त्रीवादी अभ्यासक अँजेला डेव्हिस यांनी १९९८ मध्ये हेच सविस्तर मांडलं आहे.

फडताळ

+१. बाप्यांनी नोंद घ्यावी.

तिरकीट

स्वरांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. आपल्या श्रोत्यांना सगळ्यात लवकर पोहोचेल अशी वाट: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. ही गिटारवाल्यांची मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजेच आपल्या धानी रागाचे स्वर. त्यात तीव्र म घाला की ब्लूज स्केल झाली. पण खरी गंमत गंधारात आहे. गायक कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी लावतो आणि तिथे हलत राहतो, खाली मात्र शुद्ध गंधार असलेला मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) चालू असतो. ती टोचणी पेटीवर दाखवता येणार नाही. गिटारची तार ओढून किंवा सारंगीवर दाखवा.

ठेका: बारा बार, प्रत्येकी ४ मात्रा, एकूण ४८. ई मध्ये वाजवताना ई चे चार बार, ए चे दोन, ई चे दोन, मग बी, ए, आणि शेवटचे दोन ई. ओळ गायची, तीच परत गायची, मग तिसरीत उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार, त्यातले साधारण दोन गायचे आणि दोन गिटारने प्रत्युत्तर द्यायचं. सवाल-जवाब हा शेतातल्या कामाच्या गाण्यांतून आलेला.

सूरपारंबी

'धानी म्हणजे ब्लूज' असं मात्र सत्रात म्हणू नका, नाहीतर चहाच्या वेळी तेवढंच लक्षात राहील. स्वर तेच, चलन पूर्ण वेगळं. धानीला खाली कॉर्ड बदलत नाहीत, आणि ब्लूजचा अर्धा ताण चौथ्या आणि पाचव्या कॉर्डवर (ई मध्ये ए आणि बी) जाऊन परत येण्यात आहे.

शिवाय ४८ मात्रा हा पुस्तकातला आकडा. पॅटन, हॉपकिन्स, जॉन ली हूकर एकटे वाजवताना बार हवे तसे ताणतात, तोडतात. तबलजी समेवर येऊन ताटकळत बसेल आणि हूकर अजून पहिल्या कॉर्डवरच असेल.

बंडू_बारा_बार

सत्रात कुणी एखादं गाणं प्रत्यक्ष वाजवून दाखवलं तर? काचेची नळी बोटात घालून वाजवणं सोपं दिसतं.

लोखंडीतार

दिसतं. पुढच्या चुका ठरलेल्या.

ओपन जी (मोकळ्या तारांवरच जी कॉर्ड वाजणारी सुरावट) साठी नेहमीच्या सुरावटीतून तीनच तारा उतरवा: सहावी ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. जाडीकडून बारीककडे डी जी डी जी बी डी. जुने लोक याला 'स्पॅनिश' म्हणतात. नळी पडदीच्या मागे नको, बरोबर पडदीच्या पट्टीवर हवी. बोट पडद्यांच्या मधे ठेवायची सवय असते, त्यामुळे हमखास सूर उतरतो. तार दाबायची नाही, नळी टेकवायची. खट् आवाज आला म्हणजे जोर जास्त झाला किंवा तारा फार खाली आहेत. तारा थोड्या उंच आणि जाड घ्या, पहिली निदान ०.०१३ इंच. नळीच्या मागचं बोट तारेवर हलकं टेकलेलं ठेवा, नाहीतर मागचा तुकडाही झणझणतो.

स्किप जेम्सचं १९३१ चं 'हार्ड टाइम किलिंग फ्लोर' वाजवायचं तर नळी नको, बोटांनी. डी मायनरची सुरावट: डी ए डी एफ ए डी. सहावी, पहिली आणि तिसरी दोन अर्धस्वर खाली, दुसरीही दोन खाली, बाकी तशाच. सगळं खालीच जातं, तार तुटायची भीती नाही. मंदीवरचं यापेक्षा अंगावर येणारं गाणं मला माहीत नाही.

माउथ ऑर्गन घेणार असाल तर २४ भोकांचा दुहेरी पात्यांचा घेऊ नका. दुकानात तोच पुढे करतात, पण त्यावर सूर वाकत नाही. दहा भोकांचा साधा डायटॉनिक घ्या. गाणं जी मध्ये असेल तर सी चा. श्वास आत ओढत वाजवायचा. तिसऱ्या भोकावर ओढून अर्धा स्वर वाकवला की कोमल गंधार, चौथ्यावर तसंच केलं की तीव्र मध्यम, पाचवं न वाकवता कोमल निषाद.

फडताळ

वाचनखूण साठवली. शेजारी मला साठवून ठेवतील.

उजेडवाट

तुलना अजून कुणी केली नाही याचं आश्चर्य वाटलं. आंबेडकरी जलसा. शोषितांचं संगीत, तोच काळ, भीमराव कर्डकांचे जलसे १९३० च्या दशकातले. आणि १९७२ ची दलित पँथर तर नावासकट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून. सत्रात एक जलशाचं गाणं आणि एक ब्लूज शेजारी ठेवता येईल.

संदर्भसूची

ठेवा, पण फरक सांगून. पँथरचा धागा राजकारणाचा आणि साहित्याचा आहे, ब्लूजचा नाही. जलसा आपल्याच वस्तीत, आपल्याच लोकांसमोर, चळवळीचा निरोप द्यायला उभा राहिला, म्हणून तो उघड बोलतो. त्याला खुर्च्यांच्या कंपनीची परवानगी लागली नाही. ब्लूज पोट भरायला नाचाच्या अड्ड्यावर वाजायचा, ऐकणाऱ्यांना शनिवारी रात्री मालकाचं नावही नको असायचं.

आणि या तुलनेतून मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतं: मंच बदलला की ब्लूजही उघड बोलतो. १९३७ मध्ये लेड बेलीला वॉशिंग्टनमध्ये राहायला जागा नाकारली, त्यावर त्याने 'बूर्झ्वा ब्लूज' केलं, कारण आता समोर डाव्या विचारांचा श्रोता होता. जॉश व्हाइटचा १९४१ चा 'सदर्न एक्सपोजर' हा संच तर जिम क्रो ब्लूज (जिम क्रो म्हणजे दक्षिणेतले वर्णभेदाचे कायदे) असं मुखपृष्ठावर लिहूनच आला. बिग बिल ब्रूनझीच्या 'ब्लॅक, ब्राउन अँड व्हाइट'ला अमेरिकन कंपन्यांनी हात लावला नाही, ते १९५१ मध्ये पॅरिसमध्ये मुद्रित झालं. लेन्वारचं 'अलाबामा ब्लूज' १९६५ मध्ये शिकागोत मुद्रित झालं आणि निघालं जर्मनीत.

बंद दाराआड काय बोलत होते याचा पुरावाही आहे. १९४७ मध्ये लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने ब्रूनझी, मेम्फिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन यांना न्यूयॉर्कमध्ये बसवून बोलतं केलं. बांधावरच्या छावण्या, मुकादम, खून, सगळं. ऐकल्यावर तेच घाबरले, घरच्यांवर सूड उगवला जाईल म्हणून. प्रकाशन दहा वर्षांनी झालं, तेही खोट्या नावांनी. खरी नावं १९९० मध्ये छापली, तेव्हा तिघेही हयात नव्हते.

वांगमयी

याला दुसरी बाजूही आहे. लोकगीतांचा संग्राहक लॉरेन्स गेलर्टने १९३६ मध्ये 'निग्रो साँग्ज ऑफ प्रोटेस्ट' छापलं, त्यात हवा तेवढा उघड निषेध आहे. गायकांची नावं दिली नाहीत, सुरक्षिततेसाठी म्हणे. पुढे अभ्यासकांत वाद झाला की ही गाणी कितपत जशीच्या तशी आहेत. शहरी, गोऱ्या, डाव्या संग्राहकाला निषेध हवा होता, कंपनीला नको होता. दोन्ही गाळण्याच. सत्रात गेलर्ट घेतला तर हे सांगून घ्या.

कोमल_गंधार

बिली हॉलिडेचं लिंचिंगवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' घ्यायचं की नाही? रचनेने ते ब्लूज नाही.

मृगनक्षत्र

नाही. बारा बार नाहीत, कवी ब्राँक्समधले ज्यू शिक्षक एबल मीरोपोल. पण घ्या, तबकडी उलटण्यासाठी. बिली हॉलिडेच्या नेहमीच्या कोलंबियाने नकार दिल्यावर २० एप्रिल १९३९ ला कॉमोडोरने ते मुद्रित केलं, आणि मागच्या बाजूला 'फाइन अँड मेलो' होतं. बारा बारांचा अस्सल ब्लूज, विषय छळणारा पुरुष. एका बाजूला लिंचिंग, दुसऱ्या बाजूला बेवफाई, आवाज एकच. इथल्या पन्नास टक्के वादावर हीच तबकडी वाजवून दाखवता येते.

पाणलोट

क्रम असा सुचवतो. सुरुवात 'बॅकवॉटर ब्लूज'ने, कारण बेसीचे उच्चार स्वच्छ आहेत. पॅटनने सुरुवात केलीत तर पाच मिनिटांत लोक मोबाइल काढतील. त्याचे शब्द अमेरिकनांनाही कळत नाहीत. मग 'पूअर मॅन्स ब्लूज', नंतर पॅटन दोन्ही बाजू, स्किप जेम्स, बुका व्हाइटचं १९४० चं 'पार्चमन फार्म ब्लूज' (तो त्या तुरुंगात खरोखर राहून आला होता), 'स्ट्रेंज फ्रूट' उलटून, लेड बेली, ब्रूनझी, शेवटी लेन्वारचं 'अलाबामा ब्लूज'. ही सगळी मिळून पाऊण तासाच्या आत संपतात, उरलेला वेळ बोलायला.

गाण्याआधी त्याचा मराठी आशय वाचून दाखवा, गाणं चालू असताना बोलू नका. ओळ दोनदा येते, तेवढ्यात श्रोता पकडतो.

लोखंडीतार

आणि ध्वनीचं. मूळ मुद्रण मोनो आहे, 'स्टिरिओ केलेल्या' आवृत्त्या टाळा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात लावलं की गिटारच्या तारेची धारही जाते आणि गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं. ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा उतरवा, एवढं पुरे, तिथे बहुतेक खरखरच असते. पॅरामाउंटच्या तबकड्यांचा मालच हलका, पॅटन आणि जेम्सवर ओरखडे राहणारच. बेसी वाजून झाल्यावर, पॅटन लावण्याआधी आवाज थोडा वाढवून ठेवा.